जुन्या कपड्यांचं पुढे होतं काय? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की जुने कपडे, चिंध्या, रिसायकलिंग असलं काहीही विचारायचं असेल तर लिहा. एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं! सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच छापत नाहीये.

माझ्या सासूबाई जुने कपडे बोहारणीला देतात आणि स्टीलचे डबे घेतात. मी मॉलमधल्या एका दुकानात ठेवलेल्या पेटीत टाकते, तिथे रिसायकल करतात आणि वर डिस्काउंट कूपन मिळतं. सासूबाई म्हणतात तुझं कूपन म्हणजे अजून कपडे घ्यायचं आमंत्रण. आमच्यात पैज लागलीये, निकाल द्या. (मुलुंड)

सासूबाई जिंकल्या, आणि चांगल्याच जिंकल्या.

बोहारीण दारात बसली की ती काय करते ते एकदा शेजारी बसून बघा. जीन्सची चेन आधी वरखाली करणार, शर्टाची कॉलर उलटी करून आतली घासलेली रेघ बघणार, साडी असेल तर काठाकाठाने बोट फिरवत जाणार आणि आपण घडी घालून नेमकं जिथे लपवलेलं असतं ते भोक तिला बरोब्बर सापडणार. मग सुरू, ताई एवढ्यात हा टोप नाय बसत, अजून एक पँट टाका. आपल्याला ती कटकट वाटते पण ती घासाघीस म्हणजेच छाटणी असते, कुठला कपडा परत कुणाच्या अंगावर जाईल आणि कुठला नुसता पुसायला जाईल हे तिने तिथल्या तिथे ठरवलेलं असतं, आणि या अख्ख्या धंद्यात सगळ्यात अवघड काम हेच आहे. पुढे ते कपडे धुतले जातात, उसवलेलं शिवतात, बटण लावतात, इस्त्री मारतात आणि जुन्या कपड्यांच्या बाजारात जातात, तिथे नाक्यावरचे मजूर, वॉचमन, गावाहून नुकतीच आलेली पोरं घेतात. जे अंगावर घालण्यासारखं उरलेलं नाही पण सुती आहे ते फाडून गॅरेजमध्ये आणि मशीन शॉपमध्ये ऑइल पुसायला. आपल्याकडे हे काम पिढ्यानपिढ्या मुख्यतः वाघरी समाजाच्या बायका करत आल्यात, आणि कुठल्याही कंपनीच्या सस्टेनेबिलिटी रिपोर्टमध्ये त्यांचा उल्लेख मी तरी वाचलेला नाही.

दुकानातली पेटी वाईट आहे असं नाही हं. तिथले कपडेसुद्धा सॉर्टिंगवाल्यांकडेच जातात, घालण्यासारखे विकले जातात, बाकीच्यांची पुसणी होतात, काहींचा गाद्यांत भरायला भुगा होतो. फक्त पेटीवर ते गोल फिरणारे बाण काढलेले असतात त्यावरून तुम्हाला वाटतं की माझ्या टीशर्टचा परत टीशर्ट होणार, तसं जवळजवळ कधीच होत नाही. कपड्यांसाठी जेवढा माल वापरला जातो त्यातला १ टक्क्याहूनही कमी परत नव्या कपड्यात येतो, हा एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या रिपोर्टमधला आकडा आहे.

आणि आपल्या देशाचं सांगायचं तर फॅशन फॉर गुड या संस्थेने २०२२ मध्ये भारतातल्या कापड कचऱ्याचा हिशोब मांडला होता, वर्षाला अंदाजे ७८ लाख टन. त्यातला ५१ टक्के आपल्या घराघरांतून निघतो, ४२ टक्के कारखान्यांतून आणि ७ टक्के बाहेरच्या देशांतून येतो. या सगळ्यापैकी ५९ टक्के माल पुन्हा वापर किंवा रिसायकलिंग होऊन परत धंद्यात येतो असं त्यांनीच म्हटलंय. हे काय मॉलमधल्या पेट्यांमुळे झालं का? बोहारीण, भंगारवाला, चिंधीवाला, जुन्या कपड्यांचं परत सूत काढणारे पानिपतचे कारखाने, यांच्या जिवावर चाललंय ते.

एक मात्र दोघींनी मिळून करा. नव्या टॉवरमध्ये बोहारणीला गेटवरच अडवतात, सिक्युरिटीचं कारण सांगून, आणि मग तीच कमिटी वर्षातून एकदा क्लोथ डोनेशन ड्राइव्ह करून फोटो टाकते. तुमच्या सोसायटीत असं असेल तर मीटिंगमध्ये विषय काढा, महिन्यातला एक वार ठरवून तिला आत येऊ द्या.

धारावीत माझं छोटं युनिट आहे, टीशर्ट आणि लेगिंग्जचं जॉबवर्क करतो. कटिंगची चिंधी गोणी भरून किलोवर जाते, भाव फारच कमी मिळतो. आता एका एक्स्पोर्टरने विचारलंय की तुमचं वेस्ट कुठे जातं त्याचे कागद द्या, युरोपचा बायर मागतोय. हे नवीन काय झेंगट आहे आणि माझ्यासारख्याने सुरुवात कुठून करायची? (धारावी)

झेंगट आहे खरं, पण तुमच्यासाठी यात पैसेसुद्धा आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी बायर का मागतोय ते. युरोपियन युनियनमध्ये १ जानेवारी २०२५ पासून कापडाचा कचरा वेगळा गोळा करणं सगळ्या सदस्य देशांना बंधनकारक झालंय. न विकले गेलेले कपडे आणि बूट नष्ट करायला मोठ्या कंपन्यांना १९ जुलै २०२६ पासून बंदी, मध्यम कंपन्यांना २०३० पासून. वर २०२५ मध्येच त्यांनी कचऱ्याचा कायदा सुधारला, त्याप्रमाणे कपडे विकणाऱ्यांनीच ते कपडे नंतर गोळा करण्याचा आणि छाटणीचा खर्च उचलायचा, त्यासाठीची व्यवस्था प्रत्येक देशाने ३० महिन्यांत उभी करायची. फ्रान्समध्ये तर हे २००७ पासून आहे. आता खर्च आपल्या गळ्यात पडणार म्हटल्यावर ब्रँड मागे मागे विचारत येणारच, ब्रँड एक्स्पोर्टरला, एक्स्पोर्टर तुम्हाला.

आता तुमची गोणी. तिला भाव का नाही, कारण त्यात सगळं एकत्र आहे. पांढरी सुती होजिअरी, काळं लायक्रावालं म्हणजे ताणलं जाणारं, पॉलिस्टर, मधेच बिस्किटाचा कागद आणि तुटलेली सुई. पुढचा माणूस ते सगळं परत हाताने निवडणार, त्याची मजुरी तुमच्या भावातून कापली जाते, साधा हिशोब आहे. तीच चिंधी टेबलावरून खाली पडायच्या आधी वेगळी झाली तर तिला वेगळा भाव येतो, कारण कटिंग मास्टरला माहीतच असतं आत्ता कुठला ले, म्हणजे टेबलावर एकावर एक पसरलेल्या कापडाचा थर, चाललाय, कापड कशाचं आहे आणि रंग कुठला, नंतर ते कुणालाच सांगता येत नाही.

म्हणजे करायचं काय, तर प्रत्येक ले संपला की चिंधी त्याच वेळी त्या त्या गोणीत. १०० टक्के कॉटन वेगळं आणि त्यातही पांढरं वेगळं, कारण पांढऱ्याला सगळ्यात जास्त मागणी. रंगीत कॉटन जमलं तर रंगाप्रमाणे, कारण रंगाप्रमाणे छाटलेल्या चिंधीचं सूत काढलं तर परत डाय करायला लागत नाही आणि पाणी, केमिकल, पैसे तिन्ही वाचतात. पॉलिस्टर वेगळं. आणि लायक्रा असलेलं काहीही असो, त्याची गोणी एकदम लांब ठेवा. लेगिंग्ज तुम्ही शिवता म्हणजे तुमच्याकडे हे भरपूर असणार. चिंधी फाडून तंतू सुटे करणाऱ्या मशीनमध्ये लायक्रा तुटत नाही, ताणला जातो, रोलरला गुंडाळतो, म्हणून २-३ टक्के लायक्रावाला माल मिसळला तरी अख्खी गोणी खालच्या भावात जाते.

कापड कशाचं आहे याची शंका आली, कारण जॉबवर्कमध्ये आलेल्या थानावर लेबल असतंच असं नाही, तर जुनी युक्ती आहेच. एक दोरा चिमट्यात धरा, खाली पाण्याचं भांडं ठेवा, चिंध्यांपासून लांब जा आणि पेटवा. कॉटन असेल तर कागद जळाल्याचा वास आणि बोटाने उडून जाणारी मऊ राख. पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसत मागे जातं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि टोकाला कडक काळा मणी राहतो. लोकर किंवा रेशीम असेल तर केस जळाल्याचा वास. राखही आहे आणि मणीही आहे तर समजायचं मिक्स आहे. एक्स्पोर्टरला कागदावर रिपोर्ट हवा असेल तेव्हा मात्र ही युक्ती चालायची नाही, तेव्हा प्रभादेवीला टेक्स्टाईल्स कमिटीची लॅब आहे किंवा घाटकोपरला बीटीआरए ही कापड संशोधन संस्था आहे, तिथे सॅम्पल द्या.

अशी निवडलेली कॉटनची चिंधी तिरुपूर आणि पानिपतच्या ओपन एंड मिल, म्हणजे आखूड तंतूंचंही सूत काढणाऱ्या गिरण्या, घेतात. फाडताना तंतूची लांबी जाते, आपल्या शंकर-६ कापसाचा तंतू साधारण २८-२९ मिलिमीटरचा, फाडल्यावर त्याचे बारीक बारीक तुकडे होतात, म्हणून त्यात नवा कापूस किंवा पॉलिस्टर मिसळून जाडं सूत काढतात. मऊसूत बारीक टीशर्ट त्यातून होत नाही, पण पिशव्या, जाड टीशर्ट, सतरंजी, पडदे, मोजे होतात. एवढ्या लांब एकट्याच्या चार गोण्या पाठवणं परवडणार नाही हे मलाही कळतं, पण तुमच्याच गल्लीत अशी किती युनिट आहेत? पाच सहा जणांनी मिळून एकाच चिंधीवाल्याला निवडलेला माल द्या, तो गाडी भरेल. सध्याचा चिंधीवाला बदलायची काहीच गरज नाही, उलट त्याच्याशीच बसून बोला, त्याला यातलं तुमच्यामाझ्यापेक्षा जास्त कळतं.

कागदांचं म्हणाल तर एक वही घाला. तारीख, कापड कशाचं, किती किलो, कुणाला दिलं, त्याची सही. एवढंच. पुढे जीआरएस म्हणजे ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड लागलं तर ते सर्टिफिकेट सूत काढणारी मिल, विणणारा, शिवणारा असं साखळीने घेतात, आणि त्यात पहिला प्रश्न हाच असतो की कचरा आला कुठून. तेव्हा तुमची वही कामाला येईल. एक्स्पोर्टरने सगळं सर्टिफिकेशन तुमच्याच खर्चाने करा म्हटलं तर मात्र स्पष्ट सांगा की रेटमध्ये वाढ द्या. बायरचं गोलगोल जग धारावीच्या जॉबवर्कवाल्याने स्वतःच्या खिशातून का फिरवायचं?

आणि हो, सगळ्यात महाग चिंधी ती जी निघायलाच नको होती. मार्कर, म्हणजे कापडावर मांडलेला कटिंगचा नकाशा, घट्ट बसवा, थानाचे शेवटचे तुकडे फेकू नका, त्यात पायपिंग, खिशाचं अस्तर, लहान साइझ निघते. हे तुमच्या मास्टरला शिकवायला मी कोण!

टॅगवर रिसायकल्ड पॉलिस्टर लिहिलेलं जॅकेट घेतलं. म्हणजे ते जुन्या कपड्यांपासून बनलंय ना? कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विचारतेय. (विलेपार्ले)

बहुतेक नाही. बहुतेक वेळा ते पाण्याच्या नाहीतर कोल्डड्रिंकच्या बाटल्यांपासून बनलेलं असतं. बाटली एकाच प्रकारच्या प्लॅस्टिकची, त्यामुळे धुवून, चुरा करून, वितळवून धागा काढणं सोपं. पण बाटलीची परत बाटली होऊ शकते, पुन्हा पुन्हा होऊ शकते, आणि जॅकेट झालं की तो रस्ता बंदच झाला समजा, कारण जॅकेटात चेन, अस्तर, रंग, कोटिंग सगळं आलं. शिवाय धुताना बारीक प्लॅस्टिकचे तंतू गळतात ते गळतातच, रिसायकल्ड असो की नवं.

प्रोजेक्टमध्ये एक केस नक्की घाल, स्वीडनची रिन्यूसेल. जुन्या कॉटनचे कपडे विरघळवून त्याचा लगदा आणि त्यातून व्हिस्कोससारखा नवा धागा, म्हणजे खरोखर कपड्यातून कपडा. २०२२ मध्ये मोठा कारखाना सुरू केला, मोठमोठ्या ब्रँडनी कौतुक केलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली कारण कौतुकाएवढ्या ऑर्डरी आल्याच नाहीत. नंतर नवीन मालक येऊन सर्क्युलोज नावाने पुन्हा उभी राहतेय. टेक्नॉलॉजी असूनही लोक थोडा जास्त भाव द्यायला तयार नसतील तर काय होतं ते यावरून कळतं. मुंबईतच राहतेस तर माटुंग्याला सिरकॉट आहे, कापसावर १९२४ पासून काम करणारी सरकारी संस्था, कॉलेजचं पत्र घेऊन भेटायला जा, गूगलपेक्षा जास्त मिळेल.

मी मिलमध्ये ब्लोरूमला, म्हणजे कापूस मोकळा करून झाडतात तिथे, होतो, ८२ च्या संपापर्यंत. आमच्याकडे झाडलोटीतला कापूससुद्धा विकला जायचा. आता टीव्हीवर सर्क्युलर इकॉनॉमी, म्हणजे माल फेकून न देता परत परत वापरात आणायचा, म्हणून जे सांगतात ते आम्ही आधीच करत होतो की. मग नवीन काय? (लालबाग)

काका, अगदी खरं. कापूस विंचरणाऱ्या कोंबर मशीनमधून १५-२० टक्के नॉइल म्हणजे आखूड तंतू निघायचं ते सर्जिकल कापसाला जायचं, नोटांच्या कागदाला जायचं, ब्लोरूम आणि कार्डिंगचं वेस्ट जाड सुताला, हार्ड वेस्ट म्हणजे तुटलेलं सूत पुसायला. मिलच्या आत फुकट असं काही जायचं नाही आणि वेस्टचे व्यापारी गेटवर उभेच असायचे.

फरक पडला तो कापडात. कॉटन मिलच्या वेस्टमध्ये एकच गोष्ट होती, कापूस. तो कुणीही डोळे झाकून घ्यायचा. आता साध्या शर्टात पॉलिस्टर आणि कॉटन एकाच धाग्यात पिळलेलं असतं, ते पुन्हा वेगळं करायला केमिकल लागतं, मशीन लागते, आणि खर्च इतका येतो की नवीन पॉलिस्टर स्वस्त पडतं. तेव्हा नवीन काय म्हणाल तर नवीन अडचण आहे, तुमच्या वेळी ती एवढी नव्हती. ब्लोरूमच्या त्या धुळीत तुम्ही लोकांनी छातीचे आजार काढले ते मात्र पानिपतच्या चिंध्या फाडणाऱ्या कारखान्यांत अजून तसेच चालू आहेत, रिसायकलिंगचं गुणगान करताना त्या कामगारांच्या फुफ्फुसांबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

आईच्या जुन्या दोन पैठण्या आहेत, एक फाटलीये. दारावर साडीची जर विकत घेणारा आला होता, वजनावर पैसे देतो म्हणाला. देऊ का? (दादर)

घाई करू नका. खरी जर म्हणजे रेशमी दोऱ्यावर चांदीची तार आणि वर सोन्याचा मुलामा. हे लोक काठपदर जाळून चांदी काढतात, त्यामुळे तो जो भाव सांगतो तो चांदीच्या मानाने आधी तपासा, ओळखीच्या सोनाराला एक छोटा तुकडा दाखवा. तांब्याची नकली जर असेल तर तो स्वतःच घ्यायचा नाही, म्हणजे त्याने मागितली यातच काय ते समजा.

फाटलेली पैठणी बहुतेक वेळा घडीवरच विरलेली असते आणि काठपदर ठणठणीत असतात. ते काढून नवीन सिल्कवर बसवून देणारे कारागीर आहेत, ब्लाऊज होतो, ओढणी होते, लहान मुलीचं परकर पोलकं होतं. दुसरी जी बरी आहे तिला रफूवाल्याकडे न्या, आणि घरी आणल्यावर दर काही महिन्यांनी घडी मोडून वेगळीकडून घाला नाहीतर तीही तिथेच जाईल. जरवाल्याला सगळ्यात शेवटी.

फाटके बनियन, जुने अंतर्वस्त्र, सैल पडलेल्या लेगिंग्ज हे बोहारीण घेत नाही, दान करायला लाज वाटते. कचऱ्यात टाकू का? (घाटकोपर, नेरूळ आणि आणखी बरीच पत्रं)

लाज वाटते ते बरोबरच आहे, दुसऱ्याला द्यायचं तर आपण स्वतः घालू शकू असंच द्यावं. सुती बनियन फाडून घरातच पुसायला घ्या, त्याच्यासारखं फडकं नाही. बाकीचं स्वच्छ धुवून, कोरडं करून, वेगळ्या पिशवीत सुक्या कचऱ्यात. ओल्या कचऱ्यात एकदा भिजलं की ते कुणाच्याच कामाचं नाही, सरळ डंपिंगला. नेरूळच्या वाचकांसाठी वेगळं सांगते, नवी मुंबई महापालिकेने बेलापूरला जुन्या कापडांसाठी खास केंद्र सुरू केलंय, कपडे घ्यायला ठिकठिकाणी पेट्या ठेवल्यात, तिथे हातात धरायच्या स्कॅनरने कापड कशाचं आहे ते बघून छाटणी होते आणि शिकवून तयार केलेल्या बायका त्यापासून वस्तू बनवतात. तुमच्या वॉर्ड ऑफिसला विचारा पेटी जवळ कुठे आहे. मुंबईतही असं वॉर्डावॉर्डात हवं, आपल्या नगरसेवकाच्या मागे लागा.

सिंथेटिक साड्यांची गोधडी केली तर चालते का? सुती साड्या घरात कुणी नेसतच नाही आता. (डोंबिवली)

चालते, पण थर बघून लावा. अंगाला लागणाऱ्या दोन्ही बाजूंना सुतीच हवं, नाहीतर घाम टिपला जात नाही आणि रात्रभर गोधडी अंगावरून घसरते. साड्या नसतील तर जुन्या सुती बेडशीट, लुंग्या, ओढण्या घ्या. सिंथेटिक साड्या आतल्या थरात, दोनपेक्षा जास्त नको, आणि त्या आधी चारी बाजूंनी मोठ्या टाक्यांनी धावदोरा घालून पक्क्या करा कारण शिवताना त्या सरकतात आणि मध्ये फुगे येतात. दोरा मात्र सुती जाड घ्या, पॉलिस्टरचा दोरा मऊ झालेल्या जुन्या सुतीला कापत जातो. आणि नवी सुई लावा, नायलॉनवर बोथट सुई ओढ काढते.